मेजर वेदरल यांचा पांढरा कोट

मेजर ऑब्री वेदरल अप्पर स्टोकली गावाचे एकुलते एक अंपायर होते, आणि गेले तीन उन्हाळे त्यांना बावीस यार्डांवरचा फलंदाज म्हणजे नुसता एक पांढुरका ठिपका दिसत होता. चेंडू तर दिसतच नव्हता.

ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नव्हती. बायकोला नाही, डॉक्टरला नाही, रविवारच्या प्रार्थनेत देवालाही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरंच. पण मूठ झाकून ठेवायची म्हणजे ती सतत आवळून धरावी लागते, आणि तीन वर्षांत मेजरांचा जीव मेटाकुटीला आला होता.

१९५६ सालच्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी सकाळी ते न्याहारीला बसले होते. हंगामाचा शेवटचा सामना त्या दिवशी होता, तोही शेजारच्या हॅम्बरी गावाशी. या दोन गावांनी एकमेकांना मुली दिल्या होत्या, बैल विकले होते, पण सामना मात्र आजवर कधी सुखाने दिला नव्हता.

"आज शेवटचा," मेजर म्हणाले.

"हंगामाचा?" विनिफ्रेडने विचारलं. ती त्यांची बायको. अठ्ठावीस वर्षांच्या संसारातली सतरा वर्षं तिने नवऱ्याची वाट पाहण्यात घालवली होती, त्यामुळे घाई तिला कसलीच नसे.

"माझा. साठ झाली की. पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी उभं राहू दे."

विनिफ्रेडने चहा ओतला आणि कपाचा कान नवऱ्याच्या बोटांना लागेल असा वळवून ठेवला. "नसेल राहायचं तर आजही राहू नकोस, ऑब्री."

"छे! हॅम्बरी आहे आज." त्यांनी टोस्टचा तुकडा मोडला. "आणि काय गं, लोडरबाईंकडे आलेला तो पाहुणा अजून गेला नाही का? परवा पुन्हा मी टोपी उचलली. दोन्ही हात पसरून उभा होता परसात, पण साधं 'गुड मॉर्निंग' नाही. असला उद्धट माणूस पाहिला नाही मी."

"असतो एकेकाचा स्वभाव," विनिफ्रेड म्हणाली, आणि तिला एकदम खोकला आला.

एवढी एक दुपार अब्रूनिशी पार पडावी, मग तो पांढरा कोट धुऊन, घडी घालून परत करायचा आणि घरी बसायचं, असं मेजरांनी ठरवलं होतं. घरी बसून काय व्हायचं, तेही त्यांना ठाऊक होतं. त्याचा विचार मात्र ते करत नव्हते.

मेजर जन्मले एका पाद्र्याच्या घरी, पाचांतले चौथे. शाळेत त्यांची अक्कल बेताची आणि पाय विलक्षण वेगवान. एकोणिसाव्या वर्षी पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या चिखलात उतरले, आणि बरोबरच्या बारा अधिकाऱ्यांपैकी जे तिघे परतले त्यांतले एक ठरले. पुढची वीस वर्षं शांततेची. शांततेच्या काळात सैन्याला खेळाडू लागतात, आणि वेदरलसाहेब सगळंच खेळत. हॉकीत गुडघा फुटला, मुष्टियुद्धात नाक वाकडं झालं, पुण्याजवळ किरकीच्या छावणीत पोलो खेळताना घोडा अंगावर पडला. पण खरा जीव क्रिकेटवर. लॉर्ड्सवर नौदलाविरुद्ध त्यांनी त्र्याऐंशी धावा काढल्या होत्या. त्र्याऐंशीवर चेंडू बॅटला निसटता लागला, विकेटकीपरने झेलला, कुणाला ऐकू आलं नाही, कुणी अपीलही केलं नाही. वेदरलसाहेबांनी बॅट काखेत मारली आणि स्वतःहून तंबूकडे चालू लागले. शतकाला सतरा कमी होत्या. त्या सतरा धावांची हळहळ त्यांना जन्मात वाटली नाही. आपण चाललो, याचा अभिमान मात्र पुष्कळ होता, आणि तो ते लपवतही नसत.

मग दुसरं युद्ध आलं. सिंगापूर पडलं आणि मेजर वेदरल साडेतीन वर्षं कैदेत गेले. त्या वर्षांबद्दल ते बोलत नसत. मूठभर भात, तोही किडका. दुसऱ्या वर्षी छावणीतल्या कित्येकांच्या नजरेच्या मधोमध धुकं साचू लागलं. अन्नात कस नाही म्हणून डोळे जातात, असं कैदेतल्या डॉक्टरने सांगितलं. काहींची नजर पुढे परतली. मेजरांची परतली. त्यांच्या शेजारी झोपणाऱ्या कॅप्टन फेरिसची परतली नाही. फेरिस आता आंधळ्यांच्या एका आश्रमात टोपल्या विणत होता. मेजर वर्षातून एकदा त्याला भेटायला जात, आणि परत आले की दोन दिवस जेवत नसत.

म्हणून १९५३ सालच्या मे महिन्यात नजरेत पुन्हा धुकं उतरू लागलं, तेव्हा ते काय आहे हे मेजरांना कुणाला विचारावंसं वाटलं नाही. छावणी परत आली होती. डॉक्टरकडे जायचं ते हेच ऐकायला ना? मग ते जितकं उशिरा ऐकू तितकं बरं.

आणि कोट का सोडवेना, तेही सांगितलं पाहिजे. सेहेचाळीस साली मेजर घरी परतले तेव्हा अंगावर मांस म्हणून नव्हतं. विनिफ्रेडशी बोलत नसत. दिवसभर बागेतल्या अवजारांच्या खोपटात एका बादलीवर बसून राहत. सहा आठवडे असे गेले. मग एका शनिवारी खोपटाच्या दारात गावचा लोहार डेन्झिल पिम येऊन उभा राहिला. चोवीस वर्षांचा, लालबुंद, दाराएवढा. त्याच्या हातात एक मळका पांढरा कोट होता.

"मेजर, आपला म्हातारा फ्राय गेला मंगळवारी. अंपायर नाही. दोन वाजता सामना आहे."

"मला जमणार नाही," मेजर म्हणाले.

"काय जमायचंय त्यात? नुसतं उभं राहायचं. बसून तर रोजच राहता."

विनिफ्रेडला वाटलं आता काही खरं नाही. पण मेजर उठले. कोट त्यांच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा लोंबत होता. दुपारभर ते उभे राहिले, आणि संध्याकाळी घरी येऊन म्हणाले, "तो पिम प्रत्येक चेंडूला अपील करतो. निर्लज्ज आहे." सहा आठवड्यांतलं त्यांचं ते पहिलं आख्खं वाक्य. विनिफ्रेड स्वयंपाकघरात जाऊन रडली.

डेन्झिल खरोखरच निर्लज्ज होता. गोलंदाजी उत्तम, पण गळा त्याहून उत्तम. चेंडू फलंदाजाच्या टोपीवरून गेला तरी हा पायचीतचं अपील करायचा, वर अंपायरला म्हणायचा, "डोळे फुटले की काय?" मेजरांनी सात वर्षं ते सोसलं. शेवटी त्रेपन्न सालच्या जूनमध्ये, धुकं दाट होऊ लागलं होतं त्याच सुमारास, त्यांनी डेन्झिलला झाडाखाली बोलावून अर्धा तास खेळाडूपणावर व्याख्यान दिलं. लॉर्ड्सच्या त्र्याऐंशी धावाही त्यात आल्या. डेन्झिल मान खाली घालून ऐकत राहिला, आणि काय चमत्कार, पुढच्या शनिवारपासून माणूस पार बदलला! बाद असल्याशिवाय अपील नाही. फलंदाजांचंही तेच. चेंडू बॅटला लागून झेलला गेला की अंपायरकडे न बघता गडी सरळ चालू लागायचा. पायचीत असला तरी चालू लागायचा. पाहुणे संघसुद्धा आमच्या मैदानावर आले की संतासारखे वागत.

हे आपल्या व्याख्यानाचं फळ, अशी मेजरांची खात्री होती. घरी ते म्हणत, "माणसाला एकदा नीट समजावून सांगायचा अवकाश असतो, विनिफ्रेड."

बाकीचं काम त्यांनी कानांवर आणि खिशावर सोपवलं होतं. जुन्या लष्करी कोटाची सहा पितळी बटणं डाव्या खिशात. एक चेंडू पडला की एक बटण उजव्या खिशात. सहा झाली की षटक संपलं. बॅटचा आवाज कोरडा, पॅडचा बोदा, स्टम्पांचा खडखडाट तर बहिऱ्यालाही कळेल. शिवाय त्यांचं नशीबही जोरावर होतं. क्रीझच्या रेघा अलीकडे वीतभर जाड मारू लागले होते, त्या त्यांना दिसत. स्टम्प कुणीतरी चुन्याने पांढरे करून ठेवी. चौकार गेला की सीमेवरचा गडी आपण होऊन ओरडे, "चार, मेजर!" आणि धावा लिहिणाऱ्या आयव्ही लोडर, म्हणजे आमच्या पोस्टाच्या बाई, पूर्वी अंपायरच्या खुणेला हात हलवून उत्तर देत, त्या आता शाळेची घंटा वाजवीत. हात वर केला की खांदा धरतो म्हणे. हे सगळं आपल्या पथ्यावर पडलं, असं मेजर समजत होते. मांजर डोळे मिटून दूध पितं तेव्हा तेही असंच समजत असतं.

दुपारी सामना सुरू झाला. अप्पर स्टोकलीच्या झाल्या एकशे सव्वीस. मग चहा, काकडीचे सँडविच, लोडरबाईंचा आलुबुखाराचा केक. मग हॅम्बरी फलंदाजीला आले. आकाशात ढग होते, आणि पाच वाजल्यापासून मेजरांना स्टम्पसुद्धा दिसेनासे झाले. पाठीवरून घामाची धार लागली. एकदा बटण खाली गवतात पडलं, तर स्लिपमधला गडी धावत येऊन ते उचलून हातात देऊन गेला, एक शब्द न बोलता. सव्वासहा वाजले. शेवटचं षटक उरलं, हॅम्बरीची शेवटची जोडी, आणि जिंकायला हव्या होत्या तीन धावा.

गोलंदाज डेन्झिल. समोर फलंदाज क्रिस्पिन बेल नावाचा तरुण वकील, ब्रिस्टलहून दोनच महिन्यांपूर्वी हॅम्बरीत राहायला आलेला. चांगला खेळत होता. पहिले तीन चेंडू निर्धाव गेले. मेजरांच्या उजव्या खिशात तीन बटणं झाली.

चौथा चेंडू. डेन्झिलचे बूट धाडधाड वाजत शेजारून गेले. मग एक बारीकसा 'टिक', आणि विकेटकीपरच्या ग्लोव्हजमध्ये थप्प.

मेजर वाट पाहू लागले. आता ठिपका हलेल आणि तंबूकडे जाईल. ठिपका हलला नाही.

मैदान एकदम चिडीचूप झालं. डेन्झिलही फलंदाजाकडे बघत थांबला. आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदा, त्याने अगदी हळू, जणू विचारायची लाज वाटावी अशा आवाजात विचारलं, "हाऊझॅट, मेजर?"

तो 'टिक' बॅटचा होता? की बॅट बुटाला लागली? की पॅडच्या बकलाला? शंका असेल तर फलंदाजाला जीवदान, हा नियम मेजरांना पाठ होता. 'नॉट आउट' म्हणायला एक क्षण लागला असता, आणि कुणी त्यांना दोष दिला नसता. पण शंका यायला आधी काहीतरी दिसायला हवं. मेजरांना शंका नव्हती. मेजरांना काहीच नव्हतं. समोर होतं नुसतं धुकं, आणि त्या धुक्याकडे तोंड करून बावीस माणसांच्या दुपारचा निकाल द्यायला ते निघाले होते. आपण तीन वर्षं हेच करत आलो, हे त्यांना त्या घटकेला लख्ख कळलं. लॉर्ड्सवर कुणी न विचारता चालू लागलेला माणूस आपणच ना? मग आज का उभे आहोत?

मेजरांनी कोटाची बटणं सोडायला सुरुवात केली.

"टकेट," त्यांनी हाक मारली. जॉब टकेट हा हॅम्बरीचा कप्तान, साठीचा, पिंपासारखा शेतकरी. तो दुसऱ्या टोकाला नाबाद उभा होता, म्हणजे मेजरांच्या शेजारीच. "पिम, तूही इकडे ये. मला तुम्हा दोघांना एक सांगायचंय. मला तो चेंडू दिसला नाही."

"होतं असं, मेजर," टकेट म्हणाला.

"होतं असं नव्हे. मला कुठलाच चेंडू दिसला नाही. तीन वर्षांत एकही नाही. माझी नजर चाललीय आणि मी ते लपवलं. तुम्हा सगळ्यांना फसवलं. आजवरच्या माझ्या सगळ्या निकालांबद्दल मी माफी मागतो." कोट निघाला. तो त्यांनी हातावर घेतला आणि कुणाकडे द्यावा ते न कळून तसेच उभे राहिले.

टकेटने नाक शिंकरलं. शेवटी डेन्झिल म्हणाला, "मेजर, ते आम्हाला ठाऊक आहे."

"काय ठाऊक आहे?"

"तुम्हाला दिसत नाही ते."

"आम्हालाही ठाऊक आहे," टकेट म्हणाला. "पंचक्रोशीत ठाऊक आहे. गेल्या वर्षी लिडनचा संघ नवीन आला, तर त्यांना वेशीवरच पबात बसवून समजावलं होतं."

मेजर म्हणाले, "कधीपासून?"

"लोडरबाईंच्या परसातल्या बुजगावण्याला तुम्ही टोपी काढून रामराम केलात तेव्हापासून," डेन्झिल म्हणाला. "आणि त्याने जबाब दिला नाही म्हणून बडबडत गेलात. बाईंनी माझ्या दुकानात येऊन सांगितलं. आम्ही हसलो, आणि मग कुणाला हसू येईना."

"म्हणजे त्या रेघा? आणि ती घंटा?"

"मग काय, चुना काय आमच्याकडे उतू चाललाय?"

मेजरांनी कोट या हातावरून त्या हातावर घेतला. मग ज्याची त्यांना सगळ्यांत जास्त धास्ती होती ते त्यांनी विचारलं. "पण पिम, तू... मी तुला झाडाखाली जे सांगितलं, त्याने तू सुधारलास ना?"

डेन्झिलने डोकं खाजवलं. "मेजर, मला सुधारणं माझ्या आईलाही जमलं नाही. तुम्हाला दिसत नाही म्हटल्यावर खोटं अपील करणं म्हणजे म्हाताऱ्याच्या ताटातलं उचलून खाणं. असलं नाही होत आपल्याच्यानं."

मेजरांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तीन वर्षं तुम्ही सगळे मिळून माझी कीव करत होतात!"

"कीव कसली डोंबलाची!" टकेट उसळला. "तुमच्या आधीच्या फ्रायची नजर घारीसारखी होती, आणि एक सामना मारामारीशिवाय झाला असेल तर शपथ. माझा पुढचा दात त्यातच गेला. तुम्ही आलात, तुम्हाला दिसेना, मग ज्याचं त्याला खरं वागावं लागलं. या तीन वर्षांइतकं चांगलं क्रिकेट मी आयुष्यात खेळलो नाही. आता बास करा हो, मला लाज वाटायला लागली." असं म्हणून तो खेळपट्टीच्या दुसऱ्या टोकाकडे वळला आणि गरजला, "ए बेल! लागला का चेंडू बॅटला?"

तरुण वकील धावत आला. सगळं बोलणं त्याला ऐकू गेलं होतं, आणि त्याचे कान लाल झाले होते. "लागला. मला वाटलं अंपायर निकाल देतील. आमच्या क्लबात तसंच करतात, तोवर थांबायचं असतं. यांचं मला कुणी सांगितलंच नाही."

"सांगायचं राहिलं बहुतेक," टकेट पुटपुटला.

"सर, मी बाद आहे," बेल मेजरांना म्हणाला आणि बॅट काखेत मारून चालू लागला. सामना संपला. अप्पर स्टोकली दोन धावांनी जिंकलं. पण टाळ्या वाजवायचं कुणाला सुचलं नाही. लोडरबाई मात्र वहीत बघत मन लावून घंटा वाजवत होत्या.

मेजर मैदानाच्या कडेला बाकावर जाऊन बसले. आपल्याला भयंकर वाटायला हवं, असं त्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात हायसं वाटत होतं. मुठीत काही उरलंच नव्हतं. विनिफ्रेड शेजारी येऊन बसली.

"तुलाही ठाऊक होतं," ते म्हणाले.

"ऑब्री, मी तुझी बायको आहे. तू दोन वर्षं शेजारच्या मांजराला आपलं मांजर म्हणून दूध पाजतोयस."

मग मेजरांनी तिला फेरिसबद्दल सांगितलं. छावणीतल्या धुक्याबद्दल, आणि टोपल्यांबद्दलही. दहा वर्षांत पहिल्यांदाच. तिने त्यांचा हात धरून ठेवला. मागे केकची ताटं उचलणाऱ्या लोडरबाई उघडउघड कान देऊन ऐकत होत्या. पोस्टात आयुष्य गेल्यामुळे दुसऱ्याचं ऐकण्यात त्यांना काही वावगं वाटत नसे.

"छावणीचं आहे, असं कुठल्या डॉक्टरने सांगितलं?" त्यांनी मध्येच विचारलं.

"कुठल्या नाही. मला माहीत आहे."

"माहीत म्हणे! माझ्या सासूला अस्संच झालं होतं, आणि ती जन्मात सिंगापूरला गेली नव्हती. मोतीबिंदू! काढला, आणि मग मरेपर्यंत सगळ्या घराला वर्तमानपत्र मोठ्याने वाचून दाखवत बसली. तीन वर्षं फुकट कुढत बसलात. पुरुषमाणूस तोफेला भीत नाही आणि डॉक्टरला भितो. डेन्झिल, सोमवारी गाडी काढ!"

सोमवारी डेन्झिलने आपली भंगार गाडी काढली. टॉन्टन शहरातल्या इस्पितळात डॉक्टरने मेजरांना अंधाऱ्या खोलीत बसवलं, डोळ्यांत उजेड पाडला, तो चारी बाजूंनी फिरवला आणि प्रत्येक वेळी विचारलं, उजेड कुठून येतोय? मेजरांनी बिनचूक सांगितलं.

"मोतीबिंदू आहे," डॉक्टर म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. इतके दिवस कुठे होतात?"

"छावणीचं नाही?"

"छावणीचा संबंध नाही. आतला पडदा शाबूत दिसतोय. आधी एक काढू, मग दुसरा."

"तुमची खात्री आहे? छावणीचं नाही?"

"साहेब, तुम्ही हे तिसऱ्यांदा विचारताय."

बाहेर डेन्झिल टोपी हातात चुरगाळत उभा होता. मेजर दारातून आले ते भिंतीला धरून. "पिम," ते म्हणाले, "मोतीबिंदू आहे!"

मुलगा झाल्याची बातमी द्यावी तसे ते म्हणाले. डेन्झिलला कळेना, हसावं की रडावं. "म्हणजे चांगलं की वाईट?"

"चांगलं, लेका! फार चांगलं!" आणि लॉर्ड्सवर, फ्रान्समध्ये, सिंगापूरला न रडलेले मेजर वेदरल इस्पितळाच्या व्हरांड्यात लोहाराच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

शस्त्रक्रिया नोव्हेंबरात झाली. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दहा दिवस उताणं निजायचं, हलायचं नाही. मेजर म्हणाले, उभं राहण्यापेक्षा सोपं आहे. फेब्रुवारीत चष्मा आला, बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा. त्यातून त्यांनी पहिल्यांदा विनिफ्रेडकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुझे केस पांढरे झाले."

"तीन वर्षं झाली त्याला," ती म्हणाली. "बरं झालं तुला दिसत नव्हतं."

मग ते लोडरबाईंच्या परसाकडे गेले, कुंपणापाशी उभं राहून बुजगावण्याला नीट न्याहाळलं, आणि तरीही टोपी उचलली. ओळख एकदा झाली ती झाली.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी पुन्हा हॅम्बरीशीच सामना होता. कोट डेन्झिलच्या बायकोने धुऊन इस्त्री करून ठेवला होता. मेजर मैदानात आले तेव्हा क्रीझच्या रेघा पूर्वीसारख्या बारीक होत्या आणि स्टम्प लाकडाच्या रंगाचे. सवयीने त्यांनी सहा बटणं डाव्या खिशात टाकली.

समोर जॉब टकेट. डेन्झिलने पहिला चेंडू टाकला. मेजरांना तो हातातून सुटताना दिसला. त्याची शिवण दिसली, टप्प्यावर उडालेली धूळ दिसली. चष्म्यामुळे तो कोबीच्या गड्ड्याएवढा दिसला. लेग स्टम्पच्या हातभर बाहेरून जाऊन तो टकेटच्या गुबगुबीत मांडीवर आपटला. एवढा बिनकामाचा चेंडू त्या मैदानावर क्वचितच पडला असेल.

डेन्झिल गर्रकन वळला, दोन्ही हात आभाळात फेकले आणि चार वर्षांचं साठवलेलं सगळं गळ्यातून काढलं. "हाऊऽऽझॅट!" चर्चच्या मनोऱ्यावरचे कावळे उडाले.

सगळं मैदान मेजरांकडे बघू लागलं. विनिफ्रेड बाकावरून अर्धी उठली.

"नॉट आउट," मेजर म्हणाले.

"नॉट आउट? अहो सरळ स्टम्पांवर होता!" डेन्झिल ओरडला. "डोळे फुटले की काय तुमचे?"

मेजरांनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, पुन्हा घातला. काचा का ओल्या झाल्या ते डेन्झिलला जवळून दिसलं, पण त्याने ते कुणाला सांगितलं नाही.

"जा, पिम, पुढचा टाक," मेजर म्हणाले आणि एक बटण उजव्या खिशात टाकलं. असलं निर्लज्ज अपील त्यांनी चार वर्षांत ऐकलं नव्हतं, आणि त्याहून गोड काही त्यांच्या कानांवर पडलं नव्हतं.